सारखं उडणारं रिमोट: फोंड्याच्या एका कार्यालयाचं प्रकरण

गोव्यातल्या फोंड्याच्या एका करसल्लागाराच्या कार्यालयाचं हे प्रकरण आहे. माणसं मोजकी, अशील मात्र भरपूर. दुकानदार, बागायतदार, छोटे कंत्राटदार असे सगळे. हिशेब टॅलीप्राइमवर चालतो आणि त्याचा सगळा डेटा एका टॉवर संगणकात असतो. त्याला तिथं सगळे 'सर्व्हर' म्हणतात, पण यंत्र साधंच आहे, विंडोज ११ प्रोचं. पावसाळ्यात दोघंजण घरून काम करतात. ज्येष्ठ हिशेबनीस काका सत्तरी तालुक्यातल्या केरीहून, कारण त्यांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. आणि एक ताई पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याहून, कारण घरी मूल लहान आहे. दोघंही विंडोजसोबत येणारं रिमोट डेस्कटॉप वापरून कार्यालयातल्या त्याच यंत्रावर टॅली उघडतात.

माझ्याकडे निरोप आला तो एवढाच: "रिमोट सारखं उडतंय." दिवस गणेश चवथीच्या आधीचे होते. घरोघर माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीच्या, सामानाची जुळवाजुळव सुरू झालेली, आणि इकडे २० तारखेचा जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, डोक्यावर. तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. अशिलाला हा भुर्दंड पडला तर तो सल्लागारालाच जाब विचारणार. त्यामुळे कार्यालयातले सर भयंकर वैतागले होते, आणि त्यांचं वैतागणं रास्त होतं.

मी पोचेपर्यंत बरेच उपाय होऊन गेले होते. केरीतलं इंटरनेट जास्त वेगाच्या प्लॅनवर नेलं होतं. काकांचा लॅपटॉप कुणीतरी फॉरमॅट करून दिला होता. अँटिव्हायरस काढून टाकला होता. आणि एका हुशार मुलानं एनीडेस्क हे दुरून संगणक चालवायचं दुसरं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं होतं. त्यावर काकांनी सलग दुपारभर काम केलं आणि ते एकदाही तुटलं नाही. पण एनीडेस्कनं दिसतो तो कार्यालयातला प्रत्यक्ष पडदा. तिथं बसलेला माणूस आणि काका एकाच माउससाठी झगडायला लागले, म्हणून ते बंद केलं.

ही शेवटची गोष्ट सगळ्यांनी बोलता बोलता सांगितली, पण माझ्या दृष्टीनं ती फार मोलाची होती. तोच लॅपटॉप, तेच घर, तेच इंटरनेट, आणि दुसरं सॉफ्टवेअर दुपारभर टिकतं. म्हणजे दोष इंटरनेटचा असण्याची शक्यता बरीच कमी झाली. काकाही म्हणत होते, "नेट गेलं म्हणतात, पण आत टीव्हीवर यूट्यूबचं भजन चालूच असतं. ते नाही थांबत." त्यांचं हे म्हणणं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आधी वही, मग दुरुस्ती

मी कुठल्याही सेटिंगला हात लावला नाही. काका आणि ताई दोघांना सांगितलं की आता उडालं की तीन गोष्टी टिपून ठेवा: घड्याळातली वेळ, पडद्यावर काय दिसलं, आणि त्या क्षणी तुम्ही काय करत होता. त्याआधी तिन्ही यंत्रांची घड्याळं इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवून घेतली. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण ते केलं नाही तर पुढच्या सगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. कार्यालयातल्या यंत्राचं घड्याळ बरंच मागे निघालं.

काका मुळात जुन्या पठडीतले हिशेबनीस. त्यांनी रोजकीर्द लिहावी तशी पान आखून नोंद ठेवली. त्यातल्या एका दिवसाच्या ओळी इथं देतो, कारण सगळा उलगडा त्यातूनच झाला:

"११.४२. पडदा करडा, 'पुन्हा जोडत आहे' असा निरोप. खरेदीचं व्हाउचर चालू. मिनिटभराने आलं, व्हाउचर जसंच्या तसं."

"१२.२०. खिडकी एकदम गायब. निरोप काही नाही. पाऊस, लाईट लपापली."

"३.०५. परत करडा. मिनिटाने आलं."

"४.३०. करडा. आलंच नाही. कार्यालयात फोन करून मशीन रिस्टार्ट करायला सांगितलं."

ताई लिहीत नव्हत्या. त्या दर वेळी कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटात 'परत गेलं' असं टाकायच्या, आणि निरोपावर वेळ आपोआप पडायची. त्यांचे निरोप होते ११.४२, ३.०५ आणि ४.३० चे. १२.२० ला त्यांचं काम निवांत चाललं होतं.

केरी आणि मांद्रे यांत अख्खा उत्तर गोवा पसरलाय. तारा वेगळ्या, इंटरनेट पुरवणारे वेगळे. दोघंही एकाच मिनिटाला बाहेर फेकले जातात तेव्हा दोष दोघांच्या सामाईक टोकाला, म्हणजे फोंड्याला, असणार. आणि एकटे काकाच, तेही कसला निरोप न येता बाहेर पडतात, तेव्हा तो केरीतल्या लॅपटॉपचा दोष. 'रिमोट उडतं' या एका तक्रारीत दोन स्वतंत्र दोष अडकले होते. इतके दिवस जो तो एकावर उपाय करायचा आणि दुसरा उपटला की म्हणायचा, काही उपयोग झाला नाही.

फोंड्याचं टोक

कार्यालयातल्या यंत्रावर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोज स्वतः ठेवतं त्या नोंदी (लॉग) दाखवणारं साधन, उघडलं. सिस्टम लॉगमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरच्या नावावर ७०३१ क्रमांकाची नोंद होती: रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस ही आतून सतत चालणारी सेवा अचानक बंद पडली, एका मिनिटानं पुन्हा सुरू केली जाईल. वेळ ११ वाजून ४२ मिनिटं. तशीच दुसरी ३.०५ ची. ४.३० ची नोंद मात्र ७०३४ क्रमांकाची, आणि तिच्यात पुन्हा सुरू करण्याचा उल्लेखच नव्हता. सेवांच्या यादीत त्या सेवेचं रिकव्हरीचं पान पाहिलं तेव्हा कळलं की पहिल्या दोन वेळा सेवा परत सुरू करायची आणि तिसऱ्या वेळी काही करायचं नाही, असं तिथं ठरलेलं आहे. काकांच्या वहीत दोनदा 'मिनिटाने आलं' आणि तिसऱ्यांदा 'आलंच नाही' का होतं, ते यातून उलगडलं. व्हाउचर शाबूत राहत होतं, कारण सेवा पडली तरी विंडोजमधलं त्यांचं सेशन आणि त्यातली टॅली चालूच होती. तुटत होता तो फक्त तिथपर्यंत जाणारा संपर्क.

सेवा का पडते, ते अॅप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाच्या नोंदीत असतं. ही नोंद वाचायची सवय प्रत्येकानं लावून घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. कोणता प्रोग्राम कोसळला, तो कुठल्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या कुठल्या फाइलीत, कोसळला आणि कुठल्या कोडनं, हे तिन्ही तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं. इथं प्रोग्राम होता रिमोट डेस्कटॉपची सेवा चालवणारा एसव्हीसीहोस्ट. कोड ०००५ वर संपणारा, म्हणजे मेमरीत जिथं हक्क नाही तिथं प्रोग्रामनं हात घातला. आणि मॉड्यूल मात्र विंडोजचं नव्हतंच. प्रोग्राम फाइल्समधल्या एका परक्या फोल्डरातली ती डीएलएल, म्हणजे प्रोग्रामनं वापरायच्या कोडची फाइल, होती.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंग्ज साठवलेली असतात तिथं, टर्मसर्व्हिसच्या (हे रिमोट डेस्कटॉपच्या सेवेचंच आतलं नाव) पॅरामीटर्समध्ये सर्व्हिसडीएलएल नावाची किंमत असते. तिथं विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरातली टर्मएसआरव्ही.डीएलएल असायला हवी. त्या जागी या परक्या डीएलएलचा पत्ता होता. लहान कार्यालयांत ही गोष्ट सर्रास आढळते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. दुसरा बाहेरून आत आला की पहिल्याचा पडदा बंद होतो. ही मर्यादा ओलांडायला इंटरनेटवर फुकट जोडण्या, म्हणजे विंडोजला वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, मिळतात. कधीतरी कुणीतरी 'दोघांना एकदम चालेल' म्हणून तशी एक बसवून दिली होती. कुणी, ते कार्यालयात कुणालाच आठवत नव्हतं.

ही जोडणी खरी टर्मएसआरव्ही.डीएलएल मेमरीत उचलते आणि तिच्यातल्या नेमक्या जागांवर थोडा कोड बदलते. त्या जागा कुठल्या, हे एका मजकुराच्या फाइलीत आवृत्तीनुसार लिहिलेलं असतं. विंडोजचं मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, आपल्याकडे ते बहुधा बुधवारी उतरतं. त्यात ही डीएलएल बदलली की जागाही सरकतात. वाड्यातल्या घरांचे क्रमांक बदलावेत आणि पोस्टमन जुन्याच यादीनं फिरावा, तसं होतं. बऱ्याचदा अशा वेळी जोडणी सरळ बंद पडते आणि मग निदान कळतं तरी. इथं मात्र कुणीतरी जवळच्या दुसऱ्या आवृत्तीचे आकडे त्या फाइलीत भरून ठेवले होते. त्यामुळे जोडणी चालायची, माणसं आत यायची, आणि एखाद्या वेळी कोड चुकीच्या जागी उडी मारायचा. अपडेटच्या इतिहासातली तारीख आणि कार्यालयातली पहिली तक्रार यांत फक्त एका रात्रीचं अंतर होतं.

हे तपासताना सिक्युरिटी लॉगही पाहिला आणि पोटात गोळा आला. ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची पानंच्या पानं. अॅडमिन, टेस्ट, अकाउंट्स, कधी न ऐकलेली परदेशी नावं. कार्यालयाच्या राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं बाहेरून आत यायचं दार, थेट त्या यंत्राकडे उघडा ठेवला होता. जगभरातले आपोआप चालणारे प्रोग्राम दिवसरात्र हा पोर्ट शोधत फिरतात आणि पासवर्डचे अंदाज मारत राहतात. ज्या यंत्रात अशिलांचे पॅन, पगारपत्रकं, बँकेचे तपशील आहेत, ते असं उघड्यावर होतं. सेवा कोसळण्याशी याचा थेट संबंध मला लॉगमध्ये दिसला नाही, पण ताईंची आणखी एक तक्रार यातून सुटली. कधीकधी पासवर्ड बरोबर असूनही त्यांना आत घेतलं जात नसे. त्यांच्या वापरकर्त्याचं नाव अगदी सहज अंदाज करता येण्याजोगं होतं. बाहेरून कुणीतरी त्या नावावर चुकीचे पासवर्ड मारायचं आणि विंडोज ते खातं थोड्या वेळापुरतं कुलूपबंद करायचं. ४७४० क्रमांकाची नोंद त्याचीच.

केरीचं टोक

आता १२.२० ची नोंद. काकांच्या लॅपटॉपवर रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. लॉगमध्ये शिरायला बिचकणाऱ्यांसाठी हा फार चांगला आहे, दिवसागणिक लाल फुल्या दाखवतो. वहीत जिथं 'निरोप नाही' लिहिलं होतं, नेमक्या त्या वेळांना एमएसटीएससी, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा आपल्या बाजूचा प्रोग्राम, कोसळल्याची नोंद होती. मॉड्यूल होतं ग्राफिक्स ड्रायव्हरचं.

वहीत दुसरीही एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: 'लाईट लपापली'. केरी चोर्ल्याच्या घाटाच्या पायथ्याशी, पावसात तिथं वीज क्षणभर जाते आणि परत येते. घरात सगळ्यांचा समज असा की लाईट जाते, राउटर बंद पडतो, म्हणून रिमोट तुटतं. पण राउटरला स्वतःची छोटी बॅटरी होती, तो कधी बंद पडत नव्हता. लॅपटॉपलाही बॅटरी होतीच. उरला काकांचा मोठा मॉनिटर. खातेवही वाचायला बरी पडते म्हणून त्यांनी तो एचडीएमआय केबलनं जोडला होता, आणि त्याची वायर साध्या बोर्डात होती, इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हती. वीज लपापली की मॉनिटर क्षणभर मरायचा. विंडोजला वाटायचं पडदा काढून घेतला, आणि क्षणात दुसरा लावला. रिमोटची खिडकी दोन्ही पडदे व्यापून पूर्ण आकारात चालू असायची. पडद्यांची मांडणी अशी अचानक बदलली की ग्राफिक्स ड्रायव्हर गोंधळायचा आणि आपल्यासोबत एमएसटीएससीला घेऊन पडायचा.

हे खरं की नुसता तर्क, ते पाहायला पाऊस यायची वाट बघायची गरज नव्हती. काका रिमोटवर असताना मी मॉनिटरचा प्लग ओढला आणि लगेच परत खोचला. खिडकी गेली. पुन्हा जोडलं, पुन्हा ओढला, पुन्हा गेली. एका पडद्यावर, छोट्या खिडकीत रिमोट उघडून तेच केलं तर काही झालं नाही. काका खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "म्हणजे नेटवाल्याला उगाच बोललो मी." दोष हवा तेव्हा घडवून दाखवता आला की अर्धी लढाई जिंकली, असं मी मानतो. कारण मग उपाय लागू पडला की नाही, हेही त्याच प्लगनं तपासता येतं.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर त्याच मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर नव्या आवृत्तीत होता, तो बसवला. प्लग ओढला, आता दर वेळी नाही पण अधूनमधून खिडकी जायचीच. म्हणून रिमोट डेस्कटॉपमधलं हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे येणारं चित्र ग्राफिक्स चिपकडून उलगडून घेणं, बंद केलं. प्रो आवृत्तीत हे ग्रुप पॉलिसी या सेटिंगच्या साधनातून होतं. काकांचा लॅपटॉप होम आवृत्तीचा, तिथं ते साधन नसतं, तेव्हा रजिस्ट्रीत टर्मिनल सर्व्हिसेसच्या क्लायंट पॉलिसीखाली एनेबलहार्डवेअरमोड ही किंमत शून्य केली. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी त्या भागाची प्रत काढून ठेवली. त्यानंतर कितीही वेळा प्लग ओढला तरी खिडकी जागची हलली नाही. मॉनिटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला तो वेगळाच.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी

वहीत एकदोन जागी 'दुसरा कुणी जोडला गेल्याने तुमचा संपर्क तुटला' अशा अर्थाचा निरोप होता. कार्यालयातला मुलगा एखादं खातं पाहायला काकांच्याच नावानं आत शिरायचा, म्हणून. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला, विषय संपला.

मांद्र्याला पडदा अधूनमधून गोठायचा आणि काही सेकंदांत सुटायचा. ताईंचं घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. राउटर बाहेरच्या खोलीत, काम आतल्या खोलीत. घरातल्या घरात राउटरला पिंग करून, म्हणजे छोटे चाचणी-संदेश पाठवून, पाहिलं तर उत्तरं तिथंच गळत होती, मग बाहेरच्या जगाला दोष देण्यात अर्थ नव्हता. लॅन केबल ओढून दिली.

काय बदललं

सर्वांत सोपा मार्ग समोरच होता. त्या जोडणीची आकड्यांची नवी फाइल शोधून टाकायची, काम लगेच सुरू. मी सरांना स्पष्ट सांगितलं की हे मी करणार नाही. पुढच्या महिन्याचं अपडेट येताच तीच गत होईल, परवान्याच्या अटी मोडतात त्या मोडतातच, आणि कुणी लिहिलं हे माहीत नसलेला कोड ज्या सेवेतून सगळे आत येतात तिच्या पोटात बसवून ठेवायचा, हे अशिलांच्या कागदपत्रांच्या दृष्टीनं धोक्याचं आहे. अपडेटच बंद करून ठेवा, असंही एकानं सुचवलं. ते तर त्याहून वाईट.

रीतसर रस्ता म्हणजे विंडोज सर्व्हर, आणि त्यावर रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचे प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळे परवाने. सर्व्हरवर परवान्याशिवाय दोन सेशन चालतात हे खरं, पण ती यंत्राच्या देखभालीसाठी असतात, रोजच्या हिशेबाच्या कामासाठी नाहीत. खर्च ऐकून सर गप्प झाले. मग कार्यालयात फेरी मारताना दिसलं की काका आणि ताई यांची स्वतःची टेबलं आणि त्यांवरचे संगणक पावसाळाभर बंदच असतात. दोघंही आपापल्या संगणकावरच रिमोटनं आले तर एका यंत्रावर एकच माणूस, विंडोजच्या नियमात चोख. टॅलीचा डेटा तोच राहील, आतल्या नेटवर्कवरून उघडेल. त्यासाठी टॅलीप्राइमचा एकाच वापरकर्त्यापुरता सिल्व्हर परवाना गोल्ड करावा लागला. तो खर्च सरांनी एका शब्दात मान्य केला, कारण तो त्यांना समजणाऱ्या गोष्टीवरचा खर्च होता.

काकांच्या टेबलावरचं यंत्र विंडोज १० चं होतं. रिमोटनं आत घ्यायला प्रो आवृत्ती लागते, ती तिथं होती. पण विंडोज १० चा आधार, म्हणजे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतचाच होता, म्हणून ते विंडोज ११ ला नेलं. प्रोसेसर आणि टीपीएम ही सुरक्षेची चिप, दोन्ही चालण्याजोगे निघाले. घरच्या लॅपटॉपांना होम आवृत्ती पुरते.

'सर्व्हर'वरची ती जोडणी काढली, सर्व्हिसडीएलएलची किंमत मूळ जागी आणली, आणि सिस्टमच्या फाइली शाबूत आहेत ना ते विंडोजच्याच एसएफसी या तपासणीच्या साधनानं पाहून घेतलं. राउटरवरचा ३३८९ चा पोर्ट बंद केला. कुणीतरी म्हणालं, पोर्टचा आकडा बदलून ठेवला तर चालेल की. नाही चालत, शोधणारे सगळे आकडे तपासतात. त्याऐवजी वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे फक्त ओळखीच्या यंत्रांसाठीचा कुलूपबंद खासगी रस्ता, बसवलं. आधी व्हीपीएन जोडायचं, मग रिमोट उघडायचं. काकांना ही जादाची पायरी सुरुवातीला जाचक वाटली. त्यांना सिक्युरिटी लॉगमधली ती पानं दाखवली, तेव्हा त्यांनी स्वतःच ताईंना फोन करून सांगितलं, "बाय, ते हिरवं बटण आधी दाबल्याशिवाय काही उघडू नको हं."

२० तारखेची विवरणपत्रं वेळेत गेली. पण मी प्रकरण तेव्हा बंद केलं नाही. दोष अपडेटनंतर उगवला होता, तेव्हा पुढचं अपडेट उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. ते उतरल्यावर आठवडाभराचे लॉग काढून पाहिले. 'सर्व्हर'वर आणि दोन्ही टेबलांवरच्या संगणकांवर ७०३१ किंवा ७०३४ ची एकही नोंद नव्हती. बाहेरून फसलेली लॉगिनं थांबली होती. काकांच्या लॅपटॉपवर लाल फुली नव्हती, आणि त्या आठवड्यात केरीला लाईट नेहमीसारखीच लपापत होती.

एक बदल अजून तात्पुरता आहे. हार्डवेअर डीकोडिंग बंद असल्यानं काकांच्या पडद्यावर लांबलचक खातेवही वर-खाली सरकवताना किंचित ओढल्यासारखं होतं. त्यांची तक्रार नाही, पण मला ते खटकतं. ड्रायव्हरची पुढची आवृत्ती आली की ती किंमत परत बदलून, मॉनिटरचा प्लग ओढून पुन्हा तपासणार आहे.